मावशीची सही आणि सतरा मशीनं

माझी मावशी चिडकी आहे हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही, कारण सांगावं लागत नाही. ती जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरचे लोक दारातल्या चपला सरळ करतात. मामानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, शाळेत असतानाच तिचं नाव 'कुकर' ठेवलं होतं आणि ते तिला कायमचं चिकटलं. तिचं लग्न साडेतीन वर्षं टिकलं. मोरीतला गळका नळ नवऱ्यानं सहा महिने दुरुस्त केला नाही म्हणून ती घर सोडून आली, अशी गोष्ट आमच्याकडे सगळे हसत सांगतात. मावशी हसत नाही. ती म्हणते, "नळाचं काय, तो मीच अर्ध्या तासात केला असता. पण हा रोज 'उद्या करतो' म्हणायचा. एवढ्याशा नळासाठी माणूस रोज खोटं बोलतो, तर मोठ्या गोष्टीत काय करेल?"

तिनं एकोणीस वर्षं एका इस्पितळात डायलिसिसची मशीनं सांभाळली. माणसाचं रक्त बाहेर काढून, धुऊन पुन्हा अंगात सोडणारी ती मशीनं. त्यात काय असतं, तर पंप, नळ्या, जोड आणि गाळण्या. नळीतून हवेचा बुडबुडा आत गेला तर खाटेवरचा माणूस जातो. त्यामुळे तिथं एक नियम होता, आणि तो मावशीच्या हाडात भिनला होता: स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय सही करायची नाही. पुढे नवी मशीनं आली, त्यांच्यासोबत ती बनवणाऱ्यांची माणसं आली, आणि मावशीच्या वर्कशॉपला कुलूप लागलं. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती.

मामाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. काचेचं, आतून निळ्या-जांभळ्या दिव्यांचं, बाहेरून बघणाऱ्याला मत्स्यालय वाटावं असं. मी तिथं काउंटरवर बसायचे. बिलं, फोन, गिऱ्हाइकांच्या तक्रारी हे माझं काम. मामाकडे एक नवीनच प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलं होतं. त्यांना कॉम्प्युटर हवा असायचा घोड्यासारखा ताकदवान, पण पेटी हवी असायची जोड्याच्या खोक्यापेक्षा जेमतेम मोठी. आता ताकदवान मशीन तापतं, आणि लहान पेटीत वारा फिरायला जागा नसते. पंखे किंचाळतात आणि तरी आतली भट्टी काही विझत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाणी. आतल्या तापणाऱ्या भागांवर तांब्याचे चपटे ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये निववून पुन्हा आत सोडायचं. मोठ्या पेटीत हे कुणीही करतं. लहान पेटीत बोट घालायला जागा नसते, तिथं नळी कुठून नेणार?

मावशी नेत असे.

तिच्या घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पेटी आली की ती आधी पुठ्ठ्याची पेटी बनवायची, अगदी त्याच मापाची, आणि नळ्यांच्या जागी साध्या रबरी दोऱ्या फिरवून बघायची. दोन दिवस नुसतं बघणं. "हा जोड इथं घेतला तर झाकण दोन मिलिमीटर वर राहील," असं ती स्वतःशीच पुटपुटायची, आणि त्या दोन मिलिमीटरना शिव्या घालायची. मग कडक प्लॅस्टिकच्या नळीत दोरी घालून ती गरम करायची, हळूहळू वाकवायची. वळण जरा चपटं झालं तर फेकून द्यायची. कापलेल्या नळीची धार पॉलिश पेपरनं गोल करायची, कारण धारदार कड आतल्या रबराच्या कडीला चिरते. जोड घट्ट करायला इस्पितळातला लांब चिमटा आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. आणि शेवटी तपासणी. आधी हातपंपानं आत हवा भरायची, दाबाचा काटा अर्ध्या बारवर आणायचा आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसायचं. काटा केसभर हलला तरी सगळं पुन्हा. मग पाणी भरायचं, बाकी मशीन बंद ठेवून नुसता पंप चालू करायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपरची घडी ठेवायची, आणि पूर्ण एक दिवस वाट बघायची. सगळ्या घड्या कोरड्या निघाल्या तर एका कार्डावर तारीख, वेळ, काटा किती होता, आणि खाली सही. ते कार्ड मशीनसोबत गिऱ्हाइकाला जायचं.

गिऱ्हाइकांना ते कार्ड फार आवडायचं. आणि मामाला ते कार्ड विकायला फार आवडायचं. "आमच्याकडे प्रत्येक मशीन चोवीस तास तपासून देतात," असं तो काउंटरवर कोपर टेकवून सांगायचा, जणू रात्रभर तोच जागा राहिला होता.

भांडणं व्हायचीच. मामाला पाण्यात लाल, हिरवा रंग हवा असायचा, दिव्यात चमकतो म्हणून. मावशी म्हणायची, "रंगाचा गाळ होतो. सरबत हवं असेल तर ग्लासात दे त्यांना." मामा म्हणायचा, "ताई, एका मशीनला पाच दिवस? गिऱ्हाईक थांबत नाही." मावशी म्हणायची, "मग जाऊ दे." फोन ठेवायचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू यायचा.

मग एका उन्हाळ्यात मामानं तिला सांगितलं की मागणी कमी झाली आहे. महिन्याला चार-पाच मशीनं यायची, तिथं एखादं यायला लागलं. मावशीनं फार विचारलं नाही. तिला वाटलं, शौक होता, ओसरला.

ओसरला नव्हता. दुकानाच्या मागे मामानं एक जोडणी करणारा ठेवला होता. पोरगेला दिसायचा, पण चाळिशीचा माणूस. कानात सतत गाणी, आणि एका मशीनला दीड दिवस. दुकानात रंगीत पाण्याच्या पेट्या रांगेनं दिसायला लागल्या.

आता मी जे सांगणार आहे ते मला सोयीचं नाही. एक दिवस मामानं माझ्यापुढे कार्डांचा गठ्ठा ठेवला. जाड कागद, मावशीचं अक्षर, खाली मावशीची सही. फक्त तारीख आणि मशीनचा नंबर कोरा. म्हणाला, "ताईनं सह्या करून पाठवल्यात. नंबर आणि तारीख तेवढी तू घाल, तिचे डोळे दुखतात हल्ली."

मी घातले. पहिल्या दोन कार्डांवर मला काही वाटलं नाही. तिसऱ्यावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कार्डावर तपासणी सकाळी नऊ दहाला सुरू झालेली आणि दुसऱ्या दिवशी नऊ दहाला संपलेली. सही तीच, 'कोरडे' या शब्दावरचा शाईचा डाग तोच. एकाच जुन्या कार्डाच्या छापून काढलेल्या प्रती होत्या त्या. पाणी कुठं मुरतंय हे कळायला मला काही कॉलेजात जायची गरज नव्हती. पण मी विचारलं नाही. मामाला विचारलं नाही आणि मावशीला तर नाहीच. मामा पगार देत होता, मामा आईचा लाडका भाऊ होता, आणि मला वाटलं, गळलं नाही तर कुणाला कळणार आहे. मी सतरा कार्डं भरली.

पावसाळा संपता संपता एक बाई दुकानात आली. तिचं काम जुन्या पुलांची मापं घेण्याचं. पुलाखाली उभं राहून यंत्रानं सगळा पूल मोजायचा, तडे शोधायचे, आणि तिथंच कॉम्प्युटरवर पुलाचं चित्र उभं करायचं. म्हणून तिला पाठीवरच्या पिशवीत मावेल असं ताकदवान मशीन हवं होतं. आमच्याकडून नेलेलं ते मशीन तिनं काउंटरवर ठेवलं. आतून हिरवं पाणी झिरपून पेटीच्या कोपऱ्यात वाळलं होतं. ग्राफिक्स कार्ड जळालं होतं, बोर्ड गेला होता, आणि आत साठवलेली तीन आठवड्यांची मापं गेली होती. त्यातला एक पूल तोपर्यंत दुरुस्तीसाठी मचाणांनी झाकला गेला होता. म्हणजे ती मापं आता पुन्हा मिळणार नव्हती.

मामानं पेटी न उघडताच सांगितलं, "पिशवीत घालून हिंडवलंत ना तुम्ही? पाण्याचं मशीन आहे हे."

"पिशवीत न्यायचंच सांगून घेतलं होतं मी. तुम्हीच म्हणालात, चालेल."

मामानं पेटीसोबतचं तपासणीचं कार्ड उलटसुलट केलं. मग, मी तिथं बसलेली असताना, माझ्या डोळ्यांदेखत तो म्हणाला, "हे बघा, नळ्यांचं काम आम्ही बाहेरून करून घेतो. या बाईंची सही आहे. तपासणी त्यांची, जबाबदारी त्यांची. त्यांना विचारा."

त्या कार्डावरचा नंबर माझ्या अक्षरात होता. मामानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई बाहेर पडली तशी मी तिच्यामागे गेले आणि तिला मावशीचा पत्ता दिला. नंतर मी स्वतःला सांगत आले की ते मी प्रामाणिकपणानं केलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ती बाई पोलिसांत किंवा वकिलाकडे आधी गेली तर कार्डावरचं माझं अक्षर तिथं पोहोचेल. मी म्हटलं, "चला, मीच येते."

मावशी टेबलाशी होती. पूलवाल्या बाईंनी पेटी ठेवली, कार्ड ठेवलं, आणि शांतपणे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कुकरच्या शिट्ट्या होणार. मावशीनं नुसतं कार्ड उचललं, खिडकीशी नेलं, परत आणलं. मग पेटीचे आठ स्क्रू काढून एका बशीत ओळीनं ठेवले.

"रेडिएटर ॲल्युमिनियमचा आहे," ती म्हणाली. "आणि ठोकळा तांब्याचा. दोन्ही एकाच पाण्यात. दोन धातू असे एकत्र ठेवले की एक दुसऱ्याला खातो. ही पांढरी बुरशीसारखी दिसते ना, ती बुरशी नाही, तो तुमचा रेडिएटर आहे." तिनं चिमट्यानं एक नळी ओढली. ती नुसत्या ओढण्यानं सुटून आली. "धार घासलेली नाही. कडी चिरलीय. हे जोडल्याच्या दिवसापासून गळत असणार. रोज एक थेंब."

पूलवाल्या बाई म्हणाल्या, "पण मग तुमच्या तपासणीत..."

"ही सही माझी आहे," मावशी म्हणाली. "हे मशीन माझं नाही. मी हे आज पहिल्यांदा बघतेय."

मग ती माझ्याकडे वळली. कार्ड माझ्यापुढे धरलं. "नंबर कुणाच्या अक्षरात आहे?"

मी म्हणाले, "माझ्या."

"किती?"

"सतरा."

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग विचारलं का नाहीस?"

मी मामाचं नाव घेतलं, पगाराचं म्हणाले, आईचं म्हणाले. ती ऐकत होती. तिचा चेहरा लाल झाला नाही, आवाज चढला नाही. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं आम्ही ज्याला तिचा राग म्हणत होतो ती नुसती वाफ होती. ती म्हणाली, "तो चोर आहे, तो चोरासारखा वागला. तुझं काय? तू तर डोळे उघडे ठेवून लिहीत बसलीस. एकोणीस वर्षांत मी एक सही न बघता केली नाही, आणि तू माझ्या सतरा करून टाकल्यास."

पूलवाल्या बाईंना बसायला सांगून ती चप्पल घालून निघाली. पेटी तिनं छातीशी धरली होती. मी मागून. रस्त्यात समोरून येणारे लोक आपोआप बाजूला होत होते.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मामानं तिला बघितलं आणि लगेच हसला. "ये ताई. आत बसू ना."

"इथंच." तिनं पेटी काउंटरवर ठेवली. "ही सही कशी आली यावर?"

"ताई, लोक आहेत."

"लोकांसाठीच आलेय मी. ही सही कशी आली?"

मामानं आवाज खाली घेतला. "अगं, तुझंच तर नाव मोठं होतंय. एक दिवस वाया जातो त्या तपासणीत. गळतात का सगळी? शंभरात एखादं. त्याचं बघून घेऊ आपण."

"शंभरात एखादं. ते एखादं जिचं आहे, तिला बसवून आलेय माझ्या खोलीत. तिला काय सांगू, शंभरातली तू?"

"तू म्हणजे ना, राईचा पर्वत करतेस. कुणी मेलंय का? इस्पितळ नाहीये हे. गेम खेळायच्या पेट्या आहेत."

मला वाटतं, त्या वाक्यानं सगळं संपलं. मावशी एक पाऊल मागं सरली. मग दुकानातल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण न ओरडता, ती म्हणाली, "माझी सही असलेलं कार्ड उन्हाळ्यानंतर इथून कुणी नेलं असेल, तर ते खोटं आहे. मशीन चालू करू नका. माझ्याकडे आणा, मी उघडून बघेन." मग मामाकडे वळून, "सतराही जणांना आज फोन कर. तू स्वतः."

"डोकं फिरलंय का तुझं? दुकान बंद होईल माझं."

"नाही करत?"

"नाही."

"बरं," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. काही मागितलं नाही. मी काउंटरच्या आत गेले, बिलांची फाईल उघडली, आणि मामा 'हात लावू नकोस त्याला' म्हणत असताना सतरा नावं, फोन नंबर आणि पत्ते एका कागदावर उतरवून घेतले. मामानं कागद ओढायला हात पुढे केला, तेवढ्यात गिऱ्हाइकांपैकी एक दांडगा माणूस म्हणाला, "लिहू द्या की. माझंपण नाव असेल त्यात." आणि होतं. अकरावं.

त्या दिवशी माझी नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको.

फोन मावशीनं स्वतः केले. मी शेजारी बसून नंबर लावून द्यायचे, कारण तिनं मला तेवढंच काम दिलं होतं. ती प्रत्येकाला तेच सांगायची. मशीन बंद करा, मी ते तपासलेलं नाही, माझ्या नावानं खोटं कार्ड दिलं गेलंय, फुकट बघून देते. कुणी धन्यवाद म्हणालं. कुणी तिलाच शिव्या घातल्या. एक म्हणाला, मस्त चाललंय, उगीच कशाला हात लावता. एका तरुणीला वाटलं की हा पैसे उकळायचा नवा प्रकार आहे. मावशी तिच्यावर इतकी भडकली की ती बिचारी घाबरून दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन हजर झाली.

तीन आठवड्यांत, पूलवाल्या बाईंची धरून, चौदा पेट्या आल्या. त्यातल्या पाचांत कुठं ना कुठं ओल निघाली. एका पेटीत पाणी वीजपुरवठ्याच्या डब्यापासून दोन बोटांवर येऊन थांबलं होतं. ती पेटी एका बापानं आपल्या अंथरुणाला खिळलेल्या मुलीसाठी घेतली होती. मशीन तिच्या उशाशी असायचं, आवाज करत नाही म्हणून. मावशीनं ती ओल बोटाला लावून बघितली, उठली, मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. मग म्हणाली, "गेम खेळायच्या पेट्या."

घरात वेगळीच लढाई चालू होती. माझी आई म्हणजे दोघांच्या मधली. तिनं मावशीला घरी बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, चूक त्याची आहे, मी नाही म्हणत नाही. पण आपलेच दात, आपलेच ओठ. दुकानात चारचौघांत बोलायची काय गरज होती? झाकली मूठ राहिली असती."

"मूठ माझी झाकली नव्हती त्यानं. माझं नाव उघडं टाकलं होतं रस्त्यावर."

"त्याची दोन मुलं आहेत."

"त्या पुलाखालून किती जणांची मुलं जातात, विचार जा त्या बाईला."

"तुझं हे असंच," आई म्हणाली, आणि तिलाही राग आला, तो मी पहिल्यांदाच बघितला. "तुला घर नको, नवरा नको, भाऊ नको. तुझ्या नळ्या कोरड्या राहिल्या म्हणजे झालं."

मावशी उठली. दार उघडून निघून गेली. आई पुढचे तीन महिने तिच्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी कामापुरतं.

पूलवाल्या बाईंनी ग्राहक मंचात तक्रार दाखल केली, आणि मावशीनं सख्ख्या भावाविरुद्ध लेखी जबाब दिला. मीही दिला. माझ्या जबाबात मी 'मला दिसलं होतं' हे वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पूलवाल्या बाईंचे वकील म्हणाले, याची गरज नाही. मावशी तिथंच बसली होती. ती म्हणाली, "राहू दे ते." निकाल लागला तेव्हा मामाला मशीनचे पैसे भरून द्यावे लागले आणि नुकसानीचेही द्यावे लागले. दुकान बंद झालं नाही. दिवे तसेच आहेत. फक्त पाण्याच्या पेट्या आता तो ठेवत नाही. मावशीनं त्यानंतर एक गंजका स्क्रूसुद्धा त्याच्याकडून घेतलेला नाही, आणि तो रस्त्यात दिसला तर ती रस्ता ओलांडत नाही. सरळ त्याच्या समोरून जाते. तोच ओलांडतो.

पूलवाल्या बाईंचं मशीन मावशीनं नव्यानं बांधलं. मी तेव्हा रविवारी तिच्याकडे जायला लागले होते. ये असं ती म्हणाली नव्हती, जा असंही म्हणाली नव्हती. मी पुठ्ठा कापून द्यायचे. पिशवीत आडवं, उभं, उलटं कसंही राहिलं तरी पंपात हवा शिरता कामा नये, ही अट होती, आणि त्या पेटीत पाण्याची टाकी ठेवायला जागाच नव्हती. नऊ दिवस मावशी त्या पेटीवर खेकसत होती. शेवटी तिनं रेडिएटर दुसऱ्या बाजूला फिरवला, टाकी म्हणून चहाच्या कपापेक्षाही लहान नळकांडं पंखा आणि भिंत यांच्या फटीत बसवलं, आणि कडक नळ्या काढून मऊ नळ्या घातल्या, कारण पुलावर धक्के बसतात. झाकण लावलं. बसलं नाही. एका जोडाचं डोकं अडत होतं, कागदाच्या जाडीएवढं. तो सगळा जोड काढून तिनं पुन्हा केला. पाणी भरून ती पेटी तिनं एक संपूर्ण दिवस उलटी ठेवली, एक दिवस आडवी, आणि तिसऱ्या दिवशी पिशवीत घालून स्वतः पाठीवर घेऊन बाजारात भाजी आणायला गेली. घड्या उघडल्या तर सगळ्या कोरड्या.

"झालं?" मी विचारलं.

"काय झालं? तिची तीन आठवड्यांची मापं आली का परत?"

ती मशीन पुसत होती, जोरजोरात, जणू त्यावर मामाचा चेहरा होता.

सतरापैकी दोघांनी मशीनं विकून टाकली होती. मावशीनं नवे मालक शोधून काढले. राहिला एक. हा म्हणजे 'मस्त चाललंय' म्हणणारा. मावशी त्याला दर पहिल्या तारखेला फोन करायची. तो वैतागायचा, मग चेष्टा करायचा, मग एके दिवशी त्यानं तिचा नंबर बंद करून टाकला. मावशीनं माझ्याकडून पत्ता घेतला.

चौथा मजला, लिफ्ट नाही. तिचे गुडघे कुरकुरत होते आणि ती प्रत्येक पायरीला त्या माणसाचा उद्धार करत होती. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तो मागून आला आणि मावशीला बघून कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही माणूस आहात की वसुलीवाले?"

"पाच मिनिटं," मावशी म्हणाली. "बंद करा ते."

बायको हसत होती. "बघू द्या हो, एवढ्या चढून आल्यात." तो बाजूला झाला. मावशीनं जमिनीवर बसकण मारली, स्क्रू काढले, आरसा आत घातला, प्रत्येक जोडावर टिश्यू दाबला. हातपंप लावून काटा वर नेला आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसली. आम्ही तिघं उभे. काटा हलला नाही.

"कोरडं आहे," ती म्हणाली. त्या गाणी ऐकणाऱ्या जोडणीवाल्याच्या हातून एवढं एक नीट झालं होतं.

"मी म्हणत नव्हतो?" तो माणूस म्हणाला. "उगीच इतके महिने."

"आज कोरडं आहे," मावशी म्हणाली. "पण रेडिएटर ॲल्युमिनियमचाच आहे. तो बदलायला आणा. आणि ही धूळ बघा." तिनं पंख्यातून राखाडी गोळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "पाण्यानं गार करता आणि नाक बोळा घालून बंद करता. हे कोण साफ करणार, मी?"

तो गोळा हातात धरून तसाच उभा राहिला. बायको म्हणाली, "मी सांगते त्यांना." जिना उतरताना मला हसू आवरेना. मावशी मात्र तळमजल्यापर्यंत त्या धुळीवर बोलत होती.